लुटारू माश्यांचे रविवार

६ जानेवारी १९८७, मंगळवार

नवी वही आहे, म्हणून आधी सगळ्यांची विचारपूस. रोज सकाळी मी ती करतेच, आज फक्त लिहून ठेवते.

एवारिस्तो, गुडघा काय म्हणतो? हा माझा थोरला भाऊ. मी विधवा झाल्यापासून माझ्याकडेच राहतो आणि स्वयंपाकात लुडबुड करतो. म्हणाला, "गुडघा पाऊस सांगतोय. पण गेल्या वर्षापासून तो खोटं बोलायला लागलाय." नेग्रा, तुझा कान भरला का गं? भरला, शेपूट हलवली. आन्सेल्मो, रक्तदाबाची गोळी घेतलीस का? त्याने कुंपणापलीकडून नुसता हात हलवला, म्हणजे घेतली नाही. ग्रिसेल्दा, झोप लागली का पोरी? "लागली, माद्रीना. पण अजून उशीला आईचा वास येतो."

ग्रिसेल्दा ही आन्सेल्मोची एकुलती एक. तिची धर्ममाता मी, म्हणून ती मला माद्रीना म्हणते आणि तिचा बाप मला कोमाद्रे. रोसारिओ शहरात चपलांच्या दुकानात इतकी वर्षं उभी राहिली आणि आता परत आलीय. बापाशी करार करूनच आली. माझ्या कुंपणाला लागून असलेल्या तुकड्यात तिने लाल तिपानी म्हणजे गुरांना घालतात ते तीन पानांचं गवत लावलंय, तेही चाऱ्यासाठी नाही, बियाण्यासाठी. बी भरलं तर ती इथेच राहणार. नाही भरलं तर तुकडा सोयावाल्या कंत्राटदाराला द्यायचा आणि तिने रोसारिओची बस धरायची. आन्सेल्मो वरून म्हणतो, "बघू काय दिवे लावते ते." आतून रोज सकाळी आमच्यापेक्षा आधी उठून तिपानी बघायला जातो.

माझे डोळे? उजव्यावर दुधाची साय धरल्यासारखं झालंय. पेर्गामिनोचा डॉक्टर म्हणतो, मोतीबिंदू आहे, काढू. म्हटलं, आधी मध काढते, मग तू मोती काढ.

राहिल्या मधमाश्यांच्या पेट्या. त्यांची तब्येत मात्र बरी नाही. जानेवारीच्या ऐन उन्हाळ्यात, भर उन्हात, जेव्हा माश्यांची ये-जा रस्त्यावरच्या गाड्यांसारखी चालायला हवी, तेव्हा त्या दारातच घोळका करून बसताहेत. बाहेर पडायला धजत नाहीत. लुटारू आलेत.

९ जानेवारी

लुटारू माशी ज्याने पाहिली नाही त्याला ती भुंगाच वाटेल. तेच केसाळ अंग, तोच काळा-पिवळा पट्टा, शेपटाकडे तांबूस, आवाजही तसाच घुमणारा. जातीने ती नुसती माशी, पण पोशाख भुंग्याचा. पेट्यांसमोरच्या काटेरी झुडपाच्या शेंड्यावर किंवा तारेवर ती चोरासारखी बसते. माझी माशी पोटभर मध घेऊन परतायला लागली की ही झेपावते, हवेतच तिला धरते आणि मानेत सोंड खुपसते. मग एका पायावर फांदीला लोंबकळून निवांत चोखत बसते. खाली नुसत्या पोकळ टरफलांचा सडा.

आज दोन नव्या राण्या उडायला गेल्या त्या परतल्या नाहीत. सोनेरी, लांब अंगाच्या, मी स्वतः वाढवलेल्या. 

आन्सेल्मो मॅटेचा काढा प्यायला आला होता. माझं तोंड बघून म्हणाला, "कोमाद्रे, कोण मेलं?"

"दोन राण्या."

"मग राज्य बुडालं म्हणायचं."

एवारिस्तो किटली ओतत म्हणाला, "तू हस. तुझ्या शेतात राणी नसते, नुसती राजकन्या असते."

आन्सेल्मो मॅटेची नळी चोखत विचार करत राहिला. "त्यांची पिल्लं जमिनीत हुमणी खातात. आमच्या मुळांना बरंच आहे ते. पण तुझी माशी मरते ते काही बरं नाही." मग एकदम मांडीवर थाप मारली. "उडती वस्तू हवेत टिपायची ना? अगं, मग क्लबातले सगळे म्हातारे करताहेत काय?"

क्लबातले म्हणजे पेलोता खेळणारे. भिंतीवर आपटून येणारा चेंडू लाकडी फळीने परतवण्यात त्यांचं आयुष्य गेलं. तरुणपणी आन्सेल्मोच्या फळीला चार गावांत तोड नव्हती. बायको गेल्यापासून ती फळी कपाटावर धूळ खात पडलीय. मी लगेच म्हटलं, "रविवारी घेऊन या त्यांना. एम्पानादा माझ्याकडून, खिमा भरलेल्या."

११ जानेवारी, रविवार

काय दिवस होता! हात दुखतोय, पण आज लिहिणारच.

सगळं गाव दुपारी झोपतं तेव्हा लुटारू जागे असतात, म्हणून आम्हीही जागे राहिलो. चारपाच खेळाडू आले, पुढे आन्सेल्मो आणि बेकरीवाला रोके. डोक्यावर टोप्या, हातात फळ्या. एवारिस्तो खुर्ची टाकून पंच झाला.

पेट्यांजवळ जमेना. तिथले लुटारू हुशार निघाले. माणसाची सावली पडली की उठायचे आणि पलीकडच्या खांबावर जाऊन बसायचे. रोकेने एकदा फळी फिरवली ती माझ्या पेटीच्या झाकणावरच. "ए, भट्टीत पाव लोटतोयस की काय?" एवारिस्तो ओरडला. एवढे दमलो आणि हाती लागले मोजके.

मग मला कुंपणाकडून आवाज आला. तिपानीच्या कडेला केवढी घूं-घूं! नीट दिसत नव्हतं, पण काळे-पिवळे गोळे वरखाली होताना कळत होते. म्हटलं, मेले इथे दबा धरून बसलेत होय! मीच बोट दाखवलं. "आन्सेल्मो, इकडे! हा त्यांचा अड्डा!"

ग्रिसेल्दा लिंबाचं सरबत घेऊन आली होती. फुलांकडे बघत म्हणाली, "माद्रीना, हे नक्की तेच ना?"

मी म्हटलं, "पोरी, तू पाळण्यात होतीस तेव्हापासून मी यांच्याशी झगडतेय." सगळे हसले. तीही हसली.

आणि मग आन्सेल्मो खेळला. काय सांगू! पाय तोच, मनगट तेच. डावीकडून आला की उलटा फटका, उजवीकडून आला की सरळ. एकही चुकला नाही. ग्रिसेल्दा टाळ्या वाजवत होती, "वा, बाबा!" बायको गेल्यापासून त्याचा चेहरा इतका लाल आणि इतका मोकळा मी पाहिला नव्हता. रोकेच्या गालाला एकाने डंख केला, गाल पावासारखा फुगला. मी म्हटलं, सोंड आहे ती, टोचणारच. फळ्या पिवळ्या भुकटीने माखल्या होत्या, काटेरी झुडपांचीच असणार.

एवारिस्तोने मारलेल्यांतले बरेच मुरंब्याच्या रिकाम्या डब्यात भरून ठेवले. सहकारी संस्थेत दाखवायचे म्हणतो.

१८ जानेवारी, रविवार

आज आणखी माणसं आली. बायकाही आल्या, खुर्च्या घेऊन. सगळे थेट तिपानीच्या कडेलाच उभे राहिले, पेट्यांकडे कोणी फिरकलंही नाही. तिथे मजा नाही म्हणतात. शेवटी शेवटी मारायला काही उरलंच नाही, तेव्हा रोकेने खड्यावर फटके मारून दाखवले.

माश्या मात्र अजूनही दारातच बसतात. ऊन फार आहे म्हणून असेल.

२७ जानेवारी

दोन दिवस ढगाळ. माश्या निघाल्या, चौकटी थोड्या भरल्या. एवारिस्तोला म्हटलं, बघ, मोहीम फळाला आली. तो म्हणाला, "की ढग? ऊन नसलं की लुटारू उडत नाहीत." त्याला प्रत्येक गोष्टीत खुसपट काढायची सवयच आहे.

८ फेब्रुवारी

ग्रिसेल्दाची तिपानी बघून डोळे निवतात. मला धूसर दिसतं तरी तो गुलाबी रंग दिसतो. एव्हाना बोंडं तपकिरी व्हायला लागतात, पण तिची फुलं अजून ताजी टवटवीत आहेत. पोरीच्या हाताला गुण आहे.

आन्सेल्मो कुंपणाला टेकून उभा होता, फुलांकडे तोंड करून.

"कोमाद्रे, शेत फार गप्प झालंय."

म्हटलं, "लुटारू गेले ना. आता शांतता."

 तसाच उभा राहिला, टोपी हातात घेऊन, मिस्सेला उभा राहतो तसा.

२१ फेब्रुवारी

वाईट दिवस.

ग्रिसेल्दाने तिपानीची बोंडं तळहातावर चोळली. मी जवळच होते. फुंकर मारली तर सगळं भुसकट उडून गेलं. दुसरं बोंड, तिसरं, शेताच्या मधलं, पलीकडच्या कडेचं. एखादा दाणा, तोही पिचका. ती शेतभर वेड्यासारखी चोळत फिरली. हात हिरवे झाले.

मग त्यांच्या अंगणातून आवाज आले. आमच्या स्वयंपाकघरापर्यंत स्पष्ट.

"चपलांच्या दुकानात शेती शिकलीस होय? मी म्हटलं होतं, गहू टाक."

"तुम्ही काहीच म्हटलं नव्हतं! तुम्ही म्हणालात, बघू काय दिवे लावतेस!"

"मग बघितलं!"

त्यानंतर भांडं पडल्याचा आवाज आणि मग काहीच नाही. एवारिस्तोने खिडकी लावून घेतली. म्हणाला, "त्यांच्या घरचं आहे." मला मात्र आत कुठेतरी कुसळ अडकल्यासारखं वाटतंय. कशाचं ते कळत नाही.

२३ फेब्रुवारी

कळलं.

दुपारी पेट्यांजवळ बसले होते. एक लुटारू माझ्या बाहीवरच येऊन बसला, माझीच माशी धरून. डाव्या डोळ्याजवळ हात नेला. इतक्या जवळून कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. पंखांची एकच जोडी. मोठाले डोळे, तोंडावर दाढी, सुरीसारखी सोंड. पाय सडसडीत आणि कोरडे.

घरात आले, मुरंब्याचा डबा काढला, टेबलावर ठेवला. एवारिस्तोचं वर्तमानपत्र वाचायचं भिंग घेतलं.

पहिला उचलला, पंखांच्या दोन जोड्या. दुसरा, दोन जोड्या. मागच्या पायांना परागाचे पिवळे गोळे, वाळून कडक झालेले. लुटारू पराग कशाला गोळा करील? एकामागून एक बघत गेले. सोंड नाही, दाढी नाही. सगळे भुंगे. गरीब बिचारे भुंगे, आपल्या कामाला आलेले. लुटारू होते ते तळाशी, पहिल्या अर्ध्या तासातले.

आणि तिपानीच्या फुलाची नळी इतकी खोल की माझ्या मधमाशीची जीभ तिथे पुरत नाही. भुंग्याचीच पुरते. मला हे ठाऊक नव्हतं असं मी कोणत्या तोंडाने म्हणू? मीच ग्रिसेल्दाला लहानपणी फूल फाडून दाखवलं होतं.

एवारिस्तो मागे उभा होता.  मग म्हणाला, "चुलीत टाक."

"काय?"

"चुलीत टाक आणि विसर. शेत गेलं ते गेलं. तू बोललीस म्हणून दाणे भरणार आहेत का? उलट त्याला कळेल की आपल्या शेताचा गळा आपणच घोटला, स्वतःच्या हाताने, टाळ्या घेत घेत. हे सांगायचंय तुला त्याला? या वयात?"

मी टाकले चुलीत. केस जळल्याचा वास आला. एवारिस्तोने त्यावरच किटली ठेवली.

२ मार्च

मधाची बरणी घेऊन आन्सेल्मोकडे गेले. सांगायचं ठरवून गेले होते. खरंच ठरवलं होतं.

तो ओसरीत खुरपी घासत होता. फळी परत कपाटावर गेलेली दिसली. "बस कोमाद्रे. डोळे कसे आहेत?"

म्हटलं, "तसेच."

"करून घे ते. टाळू नकोस." मग घासता घासता म्हणाला, "बांधाच्या गवतात भुंग्यांचं घर सापडलं. मेणाच्या वाट्या, आत वाळलेली पिल्लं. मोठं कोणी नाही."

मी बरणी खाली ठेवली.

"उंदीर," तो म्हणाला आणि पहिल्यांदा वर बघितलं. माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला. "उंदरांनीच केलं असेल. नाही का?"

मी म्हटलं, "असेल."

"उंदीरच," तो म्हणाला आणि पुन्हा खुरपीकडे वळला.

परत निघाले. त्याला उंदीरच वाटले, वाचले मी. असं वाटलं आणि असं वाटल्याची लाज वाटली. बरणी त्याच्याकडे ठेवून आले. जणू मधाने काही फिटणार होतं.

८ मार्च, रविवार

ग्रिसेल्दा आज गेली.

बसथांब्यावर मी आणि एवारिस्तो. आन्सेल्मो आला नाही, गाय व्यायलीय म्हणे. त्याच्याकडची गाय गेल्याच महिन्यात व्यायली.

ग्रिसेल्दाने मला मिठी मारली. अजून लहानपणीसारखीच खांद्यात तोंड खुपसते. म्हणाली, "माद्रीना, माझ्या हातालाच यश नाही. दुकानात जोड्याला जोडी लावायची, तेवढंच जमतं मला."

आत्ता सांग, आत्ता सांग, असं माझं मन ओरडत होतं. तोंडातून निघालं, "पोहोचलीस की कळव गं."

एवारिस्तोने तिच्या पिशवीत एम्पानादा कोंबल्या आणि नको इतके विनोद केले. बस वळली तसा तोही गप्प झाला.  दारात शिरताना तो म्हणाला, "मी चुकीचा सल्ला दिला असेन." म्हटलं, "सल्ला तुझा, पण चुलीत हात माझा गेला."

१५ मार्च, रविवार

आज मिस्सेनंतर थेट आन्सेल्मोच्या ओसरीवर. बसलेसुद्धा नाही.

"आन्सेल्मो, तिपानीचं मला सांगायचंय. जानेवारीत त्या रविवारी मी तुला बोट दाखवलं ना..."

"कोमाद्रे." त्याने हात वर केला. "तो रविवार फार चांगला गेला. पोरगी टाळ्या वाजवत होती. ऐकलंस ना तू? 'वा, बाबा' म्हणाली. तेवढं राहू दे मला."

"पण ऐक तर..."

"आणि नंतर तिला जे बोललो, ते मी बोललो. माझ्या जिभेने. ते दुसऱ्या कोणाच्या माथी कसं मारणार?" त्याने मॅटे भरून माझ्या हातात दिला.  "तिला पत्र लिहायला बसतो मी. 'लाडके पोरी' एवढं होतं. पुढे काही सुचत नाही."

मी पुढे बोलले नाही. कसं बोलणार? बिचाऱ्याला काहीच ठाऊक नाही आणि त्याचा तो एकच चांगला दिवस मी हिसकावून घेऊ?

१९ मार्च

चार दिवस हाच विचार. त्याचा रविवार मोडायचा नाही, हे ठीक. पण पोरगी तिकडे स्वतःच्या हातांकडे बघून रडतेय, त्याचं काय? तो सांगू शकत नाही, कारण त्याला ठाऊक नाही. एवारिस्तो सांगणार नाही. उरलं कोण?

आणि कंत्राटदार दोनदा येऊन गेला. जमिनीच्या कागदावर आन्सेल्मोची सही हवीय. पहिल्यांदा आन्सेल्मोला चष्मा सापडेना. आज पेन सापडेना. कंत्राटदाराने स्वतःचं पेन पुढे केलं तर म्हणे, "दुसऱ्याच्या पेनाने मी सही करत नाही." म्हातारा फारच विसरभोळा आणि हट्टी व्हायला लागलाय.

पत्र लिहिलं. डाव्या डोळ्याने, मोठ्या अक्षरांत. उद्या टपालपेटीपाशी हिंमत गेली तर पुन्हा लिहिता यावं म्हणून इथे उतरवून ठेवते.

"लाडके ग्रिसेल्दा,

तुझ्या हाताला यश नाही असं पुन्हा म्हणू नकोस. तिपानी चांगली होती. पेरणी चांगली, फूल चांगलं. बी भरलं नाही कारण फुलांवर येणारे भुंगे आम्ही मारले. मी त्यांना लुटारू समजले. तू मला विचारलं होतंस, 'हे नक्की तेच ना?' आणि मी तुला सगळ्यांसमोर हसून गप्प केलं. त्या दिवशी तेवढा एकच शहाणा प्रश्न झाला आणि तो तुझा होता.

नंतर मला कळलं. तू इथे होतीस तेव्हाच कळलं होतं. बसथांब्यावर तुला मिठीत घेऊन मी गप्प राहिले. भुंग्यांपेक्षा ते मोठं पाप आहे, त्याला माझ्याकडे कारण नाही.

फळी तुझ्या बापाची होती, पण बोट माझं होतं. त्याला याची कल्पना नाही. तू टाळ्या वाजवल्या होत्यास तेवढंच त्याच्या लक्षात आहे. राग धरायचा तर माझ्यावर धर. तो जे बोलला ते त्याला खुपतंय. तुला पत्र लिहायला बसतो आणि पहिल्या दोन शब्दांवर अडतो.

पलीकडच्या ओढ्याकाठच्या गवतात अजून भुंगे आहेत. एवारिस्तो काल गुडघा ओढत जाऊन बघून आला. मी बांधाचं गवत कापू देणार नाही. पुढल्या उन्हाळ्यात ते येतील. तिपानी दोन वर्षं तरी उभी राहते. तुझी मुळं जमिनीत आहेत, त्यांना कोणी हात लावलेला नाही. कंत्राटदाराचा कागदही अजून बिनसहीचा आहे, तुझ्या बापाला पेन सापडत नाही म्हणून.

नुसत्या शिव्या लिहिल्यास तरी चालतील, पण लवकर लिही. त्याला पेन सापडायच्या आत लिही.

तुझी माद्रीना,
ओतिलिया"